आमच्या स्टेशनची इमारत गावाकडे पाठ करून का उभी आहे?

रोजची_गाडी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस मनात घोळणारा प्रश्न आज विचारतो आहे. थोडं लांबेल, पण शेवटपर्यंत वाचा.

अकोला–बडनेरा पट्ट्यातल्या एका लहान स्टेशनावरून मी गेली अकरा वर्षं रोज अकोल्याला शाळेवर जातो. सकाळी पॅसेंजर (आता मेमू), संध्याकाळी परतीची. एक्सप्रेस आमच्याकडे थांबत नाही, धूळ उडवून निघून जाते. आम्ही शंभर-सव्वाशे पासधारक असू. शिक्षक, दवाखान्यातल्या नर्सबाई, कॉलेजची पोरं, दोन-तीन वकील, आणि भाजीच्या टोपल्या घेऊन निघणाऱ्या बाया.

आधी स्टेशनची रचना सांगतो. रूळ पूर्व-पश्चिम आहेत. पश्चिमेला अकोला, पूर्वेला बडनेरा. एकूण चार रूळ: मधले दोन मेन लाईनचे, दोन्ही बाजूंना एकेक लूप, म्हणजे थांबणाऱ्या गाडीसाठीचा बाजूचा रूळ. फलाट दोन, दोन्ही लूपला लागून. इमारत दक्षिणेच्या फलाटावर आणि गाव उत्तरेला, दीड किलोमीटरवर. सकाळी अकोल्याची गाडी दक्षिणेच्या फलाटावर लागते आणि तिकिटाची खिडकीही तिकडेच. म्हणजे गावातल्या प्रत्येक माणसाने चार रूळ ओलांडायचे. पादचारी पूल आहे, पण तो पूर्वेच्या टोकाला. पश्चिमेच्या टोकाला फाटक, आणि फाटक व इमारत यांच्या मधोमध जुना मालधक्का. काळ्या दगडाचा, वर पत्र्याचं छप्पर. त्याच्या रुळाकडच्या अंगाचा साईडिंगचा रूळ गवतात पुरला गेला आहे.

कोडं असं की इमारतीचा दर्शनी भाग, कमान, ओटा, सगळं दक्षिणेकडे तोंड करून आहे. त्या बाजूला आज शेतं आहेत, बाभळी आहेत आणि एका बंद जिनाच्या (कापसातून सरकी काढण्याच्या कारखान्याच्या) पडक्या भिंती. त्या बाजूने स्टेशनात येणारं कोणीच नाही. मग ज्याने हे बांधलं त्याने दार तिकडे का ठेवलं?

आज विचारण्याचं कारणही सांगतो. ७ ऑक्टोबर २०२५ ला केंद्रीय मंत्रिमंडळाने वर्धा–भुसावळ तिसऱ्या-चौथ्या मार्गिकेला मंजुरी दिली, ३१४ किलोमीटर. गेल्या महिन्यात आमच्या मालधक्क्याच्या भिंतीवर लाल रंगात आकडे लिहिलेले दिसले. ते कशाचे हे मला कोणी सांगितलेलं नाही, पण छातीत धस्स झालं. हे सगळं पुसलं जाण्याआधी ते का असं होतं एवढं तरी नीट समजून घ्यावं, ही इच्छा.

निवृत्त_गार्ड

मास्तर, प्रश्न आवडला. नोकरीची चौतीस वर्षं भुसावळ विभागातच काढली, तेव्हा रचनेबद्दल मी बोलू शकतो.

पहिली गोष्ट. आपल्याकडे मुंबईकडे जाणारी गाडी अप, नागपूरकडे जाणारी डाऊन. तुम्ही लोक रोजच्या येण्या-जाण्याला 'अप-डाऊन करतो' म्हणता, तो शब्द इथूनच आला. गाड्या डाव्या हाताने चालतात. पश्चिमेकडे तोंड केलं की डावा हात दक्षिणेला, म्हणून तुमची सकाळची अप गाडी दक्षिणेला लागते आणि संध्याकाळची डाऊन उत्तरेला, गावाच्या बाजूला. घरी परतताना सोपं, निघताना अवघड, हे त्यामुळे.

दुसरी गोष्ट, लूप. मधल्या मेन लाईनवरून मेल-एक्सप्रेस आणि मालगाड्या सरळ जातात. थांबणाऱ्या गाडीला बाजूला काढतात आणि फलाट त्या बाजूच्या रुळाला असतो. फलाटावरच्या माणसाच्या नाकासमोरून शंभरच्या वर वेगाने गाडी जाऊ नये हा त्यातला फायदा. तोटा तुम्ही रोज भोगता: 'लूपला घेतली' की मागची एक्सप्रेस पुढे जाईपर्यंत स्टार्टर (गाडी सोडण्याचा सिग्नल) लालच. आणि लूपला शिरताना गाडी रांगते त्याचं कारण सांधा, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते ती जागा. एकास साडेआठचा, म्हणजे जास्त तीव्र वळणाचा सांधा असेल तर ताशी १५ किलोमीटर, एकास बाराचा असेल तर ३०. ड्रायव्हर कितीही उशिरात असला तरी त्याला तिथे वेग घेता येत नाही. गाडीतले लोक त्याला बोल लावत, तेव्हा मला फार वाईट वाटायचं.

तिसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. आज तुम्ही चार रूळ बघता, पण ही लाईन सुरुवातीला एकेरी होती. एकच फलाट, इमारतीसमोर. दोन्ही दिशांच्या गाड्या तिथेच लागायच्या. दुहेरीकरण झालं तेव्हा उत्तरेचा फलाट आला. म्हणजे इमारतीच्या मानाने तुमचं गाव 'रुळापलीकडे' पहिल्यापासून होतं, पण ओलांडायचे रूळ एक-दोनच, आणि दिवसभरात गाड्या मोजक्या.

इमारत दक्षिणेलाच का, याचं माझं उत्तर मालधक्क्यात आहे. लहान स्टेशनावर स्टेशनमास्तर एकच. तोच तिकीट देणार, तोच मालाची बिल्टी फाडणार, तोच सिग्नल बघणार. त्यामुळे मालधक्का आणि बुकिंग एकाच अंगाला ठेवावे लागत. मालधक्का जिकडे, इमारत तिकडे. आता मालधक्का दक्षिणेला का, ते तुम्ही शोधा.

चिंचेखाली

मास्तर, मी वऱ्हाडीतच लिहितो, रागावू नका.

माह्या आजीचं माहेर अशाच एका टेसनाजवळचं. ती आता नव्वदीच्या वर हाये, पण याद पक्की. तिले तुमचा धागा वाचून दाखवला. तं ती म्हणे, "टेसन मानसासाठी नव्हतंच बावा, थे कापसासाठी होतं. मानसं मंग बसाले लागले."

ती सांगते का सीतादही (वेच्याआधीची पूजा) झाली, वेचा सुरू झाला का बंड्याची रांग लागे. दहा-दहा कोसावरून बंड्या येत. दिवसा ऊन, म्हून रातच्याले निघत आन् पहाटे टेसनावर. बंडीखाली कंदील टांगलेला. बइलं सोडून देत, दगडाले बांधत. बाया तिथंच तीन दगडाची चूल मांडून भाकरी टाकत. तिचा बाप कापूस मोजून होईलोक दोन-दोन दिवस तिथंच राहे.

मी तिले इचारलं का बंड्या कोन्या अंगानं येत. तं तिनं पट्कन सांगतलं, "धुऱ्याच्या पांदनीनं, जिनाकडून." गावाच्या अंगानं नाही. म्हनजे बंडीवाल्याले रूळ वलांडा लागतच नव्हता.

आजीनं आखीन एक इचारलं: तुमच्या मालधक्क्याच्या दगडात लोखंडाचे कडे हायेत का? असले तं थे बइल बांधाचे. जरा पाहून सांगा.

बोरीबंदर_ते_नागपूर

आजींना माझा नमस्कार सांगा. त्यांचं एक वाक्य इतिहासाशी तंतोतंत जुळतं.

पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला गेली हे आपण शाळेत शिकलो. त्याच वर्षी वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांच्या कारभाराखाली आला, हे मात्र त्या धड्यात नसतं. मला ह्या दोन घटना शेजारी ठेवाव्याशा वाटतात. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेना, आणि सगळ्यांचं लक्ष आपल्या काळ्या मातीकडे वळलं. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वेची लाईन भुसावळहून वऱ्हाड ओलांडून १८६७ मध्ये नागपूरला पोचली. मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी खास 'कॉटन कमिशनर' नेमलेला होता, रिव्हेट-कार्नाक. ज्या भागात सरकार कापसासाठी वेगळा कमिशनर नेमतं, तिथली स्टेशनं कोणासाठी बांधली असतील ते उघड आहे.

आता रूळ कुठून गेले ते बघा. लाईन पूर्णेच्या सपाट खोऱ्यातून गेली. खर्च कमी, चढ कमी. वाटेतल्या मोठ्या बाजारपेठा मात्र बाजूला राहिल्या. अमरावती बडनेऱ्यापासून दहाएक किलोमीटर आत, खामगाव जलंबपासून साधारण तेरा. म्हणून लगेच फाटे काढावे लागले: खामगाव स्टेट रेल्वे १८७० मध्ये, अमरावती स्टेट रेल्वे १८७१ मध्ये. खामगावच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. तेरा किलोमीटरच्या फाट्यासाठी व्हाइसरॉय! खामगावच्या कापूसबाजाराचं वजन तेवढं होतं.

आज जलंब–खामगाव आणि बडनेरा–अमरावती हे दोन तुकडे आपल्याकडच्या खऱ्या 'लोकल' आहेत. मेन लाईनच्या गाडीतून उतरायचं, पलीकडे उभ्या गाडीत बसायचं आणि शहरात शिरायचं. मुंबईच्या उपनगरी स्टेशनांवर किती लिहिलं जातं. पण कापसाच्या गाठींसाठी टाकलेल्या रुळांवर आज कॉलेजची मुलं जातात, ही आपली उपनगरी रेल्वे. तिच्याबद्दल कोणी लिहीत नाही, याची मला खंत आहे.

पूर्णाकाठ

चर्चा छान चालली आहे, पण सगळं कापसावर ढकलू नका. मी बांधकाम खात्यात होतो. (रेल्वेत नाही, रस्त्यांवर.) आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या मातीवर दगडी इमारत उभी करायची तर पाया कुठे घ्यायचा हा पहिला प्रश्न. जिथे मुरूम वर आला असेल, जिथे पाणी तुंबत नसेल, तिथेच इमारत. मास्तर, तुमच्याकडे पाऊस पडल्यावर पाणी कुठल्या बाजूला साचतं?

रोजची_गाडी

उत्तरेला. गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर पावसाळ्यात गुडघाभर चिखल असतो. दक्षिणेची बाजू थोडी उंच आहे, तिकडे खडक लागतो असं विहीर खणणारे सांगतात.

पूर्णाकाठ

मग झालं. मालधक्काही त्याच कारणाने तिकडे. ओल्या जागेत कापूस कोण ठेवेल? वजन वाढतं, रंग जातो.

निवृत्त_गार्ड

पूर्णाकाठ, तुमचं पटतं, पण तुम्ही फिरून कापसावरच आलात. :)

दर्यापूरकर

आमच्या शकुंतला गाडीशिवाय हा धागा पुरा कसा होईल?

मूर्तिजापूर जंक्शनवर दोन जगं शेजारी शेजारी होती. एकीकडे मेन लाईनचा १६७६ मिलिमीटरचा ब्रॉडगेज, दुसरीकडे ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज. नॅरोगेजची एक बाजू दर्यापूर, अंजनगाव, पथ्रोट करत अचलपूरला जाई, सुमारे ७६ किलोमीटर. दुसरी कारंजा, दारव्हा करत यवतमाळला, सुमारे ११३ किलोमीटर. किलिक निक्सन कंपनीने काढलेली, आणि राष्ट्रीयीकरणातून सुटलेली. रूळ कंपनीचे, गाड्या चालवणार रेल्वे. पुलगाव–आर्वी ही तिसरी बहीण, ३५ किलोमीटरची.

रचनेचा मुद्दा असा, की दोन रुंदीचे रूळ एकमेकांना जोडता येत नाहीत. यवतमाळहून आलेली प्रत्येक गाठ मूर्तिजापूरला लहान डब्यातून काढून हमालांच्या पाठीवरून मोठ्या डब्यात जायची. माझे आजोबा तिथे हमाल होते. ते सांगत, दोन्ही डब्यांच्या मध्ये फळी टाकायची आणि तिच्यावरून दिवसभर चालायचं. दिवसाला किती गाठी झाल्या याचा हिशेब ते पाठीवरच्या दुखण्यावरून लावत.

मी स्वतः दर्यापूरहून मूर्तिजापूरपर्यंत शकुंतलेने आणि पुढे पॅसेंजरने अकोल्याला कॉलेजला गेलो. गाडी फाटकाला थांबायची, गाडीतलाच माणूस उतरून फाटक लावायचा, गाडी पुढे गेली की उघडायचा आणि धावत येऊन परत चढायचा. तिकीट गाडीतच मिळायचं. मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं झेडडी वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत तिला ओढत होतं. मग डिझेल आलं. मग एकेक बाजू बंद. आता बोरूच्या झुडपांतून रूळ शोधावे लागतात.

२२ मे २०२५ ला अमृत भारत योजनेतून नव्याने सजवलेल्या १०३ स्टेशनांचं उद्घाटन झालं, त्यात मूर्तिजापूरही होतं. रंगरंगोटी सुंदर आहे, मी बघून आलो, आनंदच आहे. पण तिथे कुठेतरी एक फलक हवा होता, की ह्या जागी यवतमाळ-अचलपूरचा कापूस एका रुळावरून दुसऱ्या रुळावर गेला आणि तो माणसांनी वाहिला. अमृत भारतमध्ये नाव आलेल्या प्रत्येक स्टेशनच्या लोकांनी हे मागायला हवं.

बोरीबंदर_ते_नागपूर

+१. आणि त्याच फलकावर दापुऱ्याचाही उल्लेख असावा. गाडगेबाबांचं बालपण मामाकडे तिथेच, मूर्तिजापूर तालुक्यात गेलं.

सकाळची_मेमू

मी मास्तरांच्याच गाडीने जाते, दोन स्टेशनं पुढून. इतिहास वाचायला आवडलं, पण मला आज आणि उद्याचंही बोलायचं आहे.

मार्च २०२० मध्ये पॅसेंजर बंद झाल्या. परत आल्या तेव्हा मेमू होऊन आल्या आणि तिकीट एक्सप्रेसचं. पास मिळत नव्हता. ज्या बाया टोपली घेऊन जात त्यांचं कमावलेलं तिकिटातच जाई. त्यातल्या कितीतरी तेव्हा सुटल्या त्या परत आल्याच नाहीत. साधं भाडं फेब्रुवारी २०२४ ला पुन्हा लागू झालं. चार वर्षं. या चार वर्षांत आमच्या गाडीची माणसंच बदलली.

आता फलाट. उंच फलाट म्हणजे रुळाच्या पातळीपासून साधारण ७६० ते ८४० मिलिमीटर. माझ्या स्टेशनावर एक फलाट उंच आणि दुसरा अजून कमरेएवढी चढाई करायला लावणारा. सातवा महिना असताना मी त्या फलाटावरून चढले आहे, खालून दोघींनी धरलं होतं. गार्डकाका, हे फलाट इतके बुटके का राहिले?

निवृत्त_गार्ड

ताई, वाचून अंगावर काटा आला. लहान स्टेशनावर पूर्वी फलाट म्हणजे रुळाच्या उंचीला मुरूम टाकून केलेला ओटा. गाडीला पायऱ्या असत, त्यावर भागत असे. उंची वाढवण्याचा पैसा आधी मोठ्या स्टेशनांना मिळे. आता तुलना करा: त्याच स्टेशनचा मालधक्का मात्र पहिल्या दिवसापासून डब्याच्या तळाच्या उंचीचा असे. कारण गाठ उचलून चढवणं अवघड, माणूस आपला आपण चढतो.

सकाळची_मेमू

हे वाक्य मी लिहून ठेवलं आहे काका. गाठीसाठी उंच ओटा होता, आमच्यासाठी नव्हता.

चिंचेखाली

आजीले वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, मान हालवली.

पूर्णाकाठ

एक विचारायचं राहिलं. मालधक्के बंद का पडले? आमच्या लहानपणी एखादा-दुसरा डबा साईडिंगला उभा दिसायचा. खत यायचं, मीठ यायचं, सिमेंट यायचं.

निवृत्त_गार्ड

कारण रेल्वेने सुटा डबा घेणं सोडलं. पूर्वी तुम्ही एक डबा भरला तरी पिकअप मालगाडी येऊन तो उचलायची. प्रत्येक स्टेशनला थांबायचं, शंटिंग करायचं, पुढे जायचं. अख्खा दिवस जाई आणि मागच्या गाड्या खोळंबत. मग धोरण आलं की भरायची तर पूर्ण मालगाडी भरा. लहान गावातून चाळीस डब्यांचा माल एका वेळी कुठून निघणार? ट्रक दारात यायला लागला होता. त्यात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी आली, तेव्हा कापूस कुठे आणायचा ते खरेदी केंद्र ठरवायला लागलं, स्टेशन नाही. एका पावसाळ्यात साईडिंगच्या सांध्याला कुलूप लागलं की पुढच्या पावसाळ्यात तिथे गवत.

मी पिकअप गाडी चालवलेली आहे. संध्याकाळी अशा एखाद्या स्टेशनावर तास-दीड तास उभं राहायचं, मास्तर चहा आणून द्यायचा, आणि उघड्या डब्यातून सरकीचा वास यायचा. तो वास मला अजून येतो.

रोजची_गाडी

मंडळी, काल रविवार होता, तेव्हा पहाटे उजेड पडताच कॅमेरा आणि वही घेऊन गेलो. स्टेशनमास्तरांना आधी विचारून घेतलं, त्यांनी रुळाकडे न जाण्याच्या अटीवर मालधक्क्याच्या मागच्या बाजूने फिरू दिलं.

आजींना सांगा: कडी आहेत. दक्षिणेच्या भिंतीत, जमिनीपासून गुडघ्याएवढ्या उंचीवर, नऊ मोजली. दोन जागी नुसती भोकं आहेत, कडं निखळलेलं. भोकाभोवतीचा दगड गुळगुळीत झाला आहे, दोराने घासून. मी त्यावर बोट फिरवलं.

मालधक्क्याची लांबी माझ्या पावलांनी चौसष्ट. दक्षिणेला दगडी उतार आहे, बंडीची मागची बाजू थेट धक्क्याला लावता येईल असा. उतारावर चाकांच्या दोन चाकोऱ्या स्पष्ट दिसतात. गावाकडच्या, म्हणजे रुळाच्या बाजूला असं काहीच नाही, तिकडे सरळ डबे लागत. म्हणजे माल दक्षिणेकडून येणार आणि उत्तरेकडून गाडीत जाणार. मालधक्का दोन तोंडांचा आणि इमारत त्याच रांगेत, त्याच दिशेला तोंड करून.

पांदणही सापडली. आता तिच्यात बाभळी आहेत, पण दोन्ही बाजूंचे धुरे सरळ जातात, जिनाच्या फाटकापाशी रुंद होतात आणि तिथून इमारतीच्या कमानीसमोर येतात. त्या कमानीत उभं राहून मी दक्षिणेकडे पाहिलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच त्या बाजूला पाहत होतो, कारण आम्ही सगळे नेहमी मागच्या दाराने येतो.

कुंपणाला जुन्या रुळाचे तुकडे खांब म्हणून गाडले आहेत. एकाच्या पोटावर उठावाची इंग्रजी अक्षरं आहेत, 'जी. आय. पी.' एवढं वाचता आलं. पुढे साल होतं, १८ ने सुरू होणारं. शेवटचे दोन आकडे गंजाने खाल्ले आहेत.

आणि एक पडकी विहीर, तिच्याजवळ तोडलेल्या पाण्याच्या खांबाचा बुंधा. गावातले म्हातारे सांगतात की दुष्काळी उन्हाळ्यात इंजिनाच्या टाकीचं पाणी गावाला मिळायचं, बाया घागरी घेऊन रुळापलीकडे जायच्या. गावाने ते रूळ तिकिटासाठी ओलांडले त्याच्या आधी पाण्यासाठी ओलांडले असतील.

बोरीबंदर_ते_नागपूर

मास्तर, तो रूळ त्याच जागचा असेलच असं नाही, जुने रूळ काढून कुठेही खांबाला वापरत. पण फोटो जरूर काढा, तिरप्या उन्हात. सकाळी आठच्या आत अक्षरं उठून दिसतात. पिठाची चिमूट चोळली तरी दिसतात, नंतर पुसून टाका.

चिंचेखाली

आजीले कड्याचं सांगतलं. तिच्या डोयाले पानी आलं. म्हणे, "आमचा ढवळ्या अशाच कड्याले बांधे."

पूर्णाकाठ

मी माझी बाजू मागे घेत नाही, मुरूम होताच. पण नऊ कडी आणि तो उतार बघितल्यावर पांदण आधी आणि जागा नंतर ठरली हे मान्य करतो.

आता कामाचं बोलू. आज चार रूळ आहेत, तिसरी-चौथी लाईन आली की सहा होतील. सहा रूळ पोरांनी ओलांडायचे? नवीन आराखडा करणाऱ्याला नकाशावर इमारत दक्षिणेला दिसेल, तो रस्ताही तिकडेच धरेल. गाव उत्तरेला आहे, आणि मालासाठी बनलेलं तोंड आता माणसांना उपयोगाचं नाही, हे त्याला कागदावर कोणी सांगितलं पाहिजे. मागणी मोजकी ठेवा. एक, तिकिटाची खिडकी उत्तरेच्या फलाटावर. दोन, पादचारी पूल गावाच्या रस्त्याच्या तोंडाशी, टोकाला नको, आणि पायऱ्यांऐवजी उताराचा. टोपली डोक्यावर घेऊन पायऱ्या चढता येत नाहीत.

सकाळची_मेमू

तीन, दोन्ही फलाट पूर्ण उंचीचे, सगळ्या डब्यांपर्यंत. मोबाईलवर तिकीट निघतं असं सांगून खिडकी नाकारतील, तेव्हा भाजीवाल्या बायांच्या सह्या सगळ्यात वर घ्या. गेल्या पावसाळ्यात आमच्याच स्टेशनावर एक शाळेची मुलगी रूळ ओलांडताना घसरली. मालगाडी दूर होती म्हणून वाचली. तिच्या आईची सही मी आणते.

निवृत्त_गार्ड

निवेदनाचा मसुदा मी बघून देतो. कोणत्या रुळाला काय म्हणतात ते बरोबर लिहिलं की वाचणारा ते बाजूला ठेवत नाही. नकाशा हाताने काढा, पण उत्तर दिशा दाखवा, अप-डाऊन लिहा, गाव ते खिडकी अंतर लिहा.

दर्यापूरकर

मालधक्क्याचं काय? तो पाडू नका म्हणायचं का?

रोजची_गाडी

रात्रभर तोच विचार केला. माणसांच्या वाटेत येत असेल तर धक्का वाचवा असं मी म्हणणार नाही. आधी पूल आणि खिडकी. पण तो पाडणार असतील तर दक्षिणेच्या भिंतीचे कड्यांचे दगड काढून नव्या फलाटाच्या भिंतीत बसवावेत, एवढं चौथं कलम घालतो. नऊ दगड आहेत, जास्त नाहीत. त्याआधी सगळ्या धक्क्याचं नीट मोजमाप हवं, पावलांचं चालणार नाही.

पूर्णाकाठ

माझ्याकडे तीस मीटरची टेप आहे. येत्या रविवारी सकाळच्या मेमूने येतो. तुम्ही स्टेशनमास्तरांची परवानगी घेऊन ठेवा आणि गावातून एक शिडी बघा, छपराची उंचीही घेऊ.

चिंचेखाली

मी आजीले घेऊन येतो. गाडी उत्तरेच्या फलाटावर लागन का दक्षिणेच्या? तिले रूळ वलांडता येत नाही.

रोजची_गाडी

तुम्ही अकोल्याकडून याल, म्हणजे डाऊन गाडी, उत्तरेला. गावाच्याच बाजूला उतराल, आजींनी तिथेच बसावं. मालधक्का मात्र पलीकडे आहे, पुलाला पायऱ्या बावन्न. फाटकाकडून बैलगाडी करतो, वळसा पडेल, पण त्यांना पांदणीने, समोरच्या दाराने नेतो.